कोंबड्यांसाठी दिलेली पेटी

महाळुंगे पडवळ
२२ मार्च २०२५

चि. निर्मला,

खुशाली शेवटी. आजवर या दोन हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे काल फोनवर बोललेलं वाक्य पुन्हा बोलायच्या आधी विचार करशील. कांदा निवडायची चाळण केली. गोल्टी, मध्यम आणि मोठा, तीन जागी आपोआप पडतो, अवसरीच्या कॉलेजातली पोरं येऊन फोटो काढून गेली. मोडक्या लुनाच्या इंजिनावर फवारणीचा पंप केला. भैरवनाथाच्या मंडपाला सरकतं दार केलं, बारा फूट रुंद, लहान पोरगी एका हाताने सरकवते. घराचा जिना केला, प्रत्येक पायरी सात इंच, टेप घेऊन ये आणि मोज. आईला शेवटच्या वर्षी धरून चालायला घोडी केली ती तिच्या उंचीची, दुकानातल्यासारखी सगळ्या जगाच्या उंचीची नव्हे. आणि धनेश पक्ष्यासाठी लाकडी पेट्या केल्या, सहा. शिक्षण आठवी. गुरू कुणी नाही.

आणि तू म्हणतेस, "दादा, तुझी एकतरी पेटी चालली बघ!"

एकतरी! अगं, पाच पेट्या माझ्या बांधावर सात वर्षं लटकतायत. सागाची फळी, रंधा मारून गुळगुळीत केलेली. भोक यंत्राने पाडलेलं, चार इंच, कंपास लाव. त्यात एकाही चिमणीने पाय ठेवला नाही. सहावी बिघडली होती. पातं मोडलं म्हणून भोक पटाशीने कोरलं, ते दुधी भोपळ्यासारखं वाकडं झालं. तळाची फळी आखूड पडली, तिथे ट्यूबचा तुकडा ठोकला. लाकूड तर जुन्या गव्हाणीचं. ती मी तुला कोंबड्यांना अंडी घालायला दिली. तुझ्या कोंबड्यांनीही नाक मुरडलं, म्हणून दाजींनी गोठ्यामागच्या बेहड्यावर टांगली. आणि धनेशाची मादी नेमकी त्यात जाऊन बसली!

मला आनंद झाला नाही असं समजू नकोस. झालाय. पण तो नीट होऊ देत नाही कुणी.

आता लक्ष देऊन वाच. हा पक्षी दिसतो कुदळीसारखी चोच घेऊन, पण त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडाची आयती पोकळी लागते. आपल्या रस्त्याकडेचा थोरला आंबा गेला तेव्हाच इथली जोडी गेली, म्हणून तर हा सगळा खटाटोप. मादी आत शिरते आणि माती, विष्ठा, फळाचा गर असं सगळं कालवून आतून दार लिंपून घेते. फक्त फट ठेवते. मग नर त्या फटीतून तिला भरवतो. आत ती पिसंही टाकते, उडायच्या लायकीची राहत नाही. नर बिचकून गेला तर ती आत उपाशी. तेव्हा झाडाखाली गर्दी नको, शिडी नको, फटाके नकोत.

आणि कळवायचं ते पत्राने कळव. फोनवर तू दूध उतू गेलं म्हणून ठेवतेस, आणि फोटोत माप येत नाही. फट कोणत्या दिशेला आहे, केवढी आहे, नर कोणतं फळ आणतो, कुठून आणतो, हे लिही. अंदाजे लिहू नकोस.

इकडे सर्व ठीक. वहिनीचा गुडघा तसाच.

तुझा दादा


आपटाळे, ता. जुन्नर
२ एप्रिल २०२५

ती. दादास नमस्कार.

पोस्टमनला वाटलं कोर्टाचं समन्स आलं. "लई वर्सांनी तुमच्याकडं हातानं लिवलेलं काय तरी आलं वहिनी," म्हणाला आणि मी फोडेपर्यंत दारात उभा राहिला. मी वाचून दाखवलं. घोडीपर्यंत ऐकलं आणि गेला बिचारा.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. फट उगवतीकडे आहे, म्हणजे आमच्या संडासाकडे. मापाचं म्हणशील तर माझी दोन बोटं जातील एवढी, पण मी घातली नाहीत, ओरडू नकोस. फळ लाल आणतो. ओढ्याकडून येतो.

बाकी बघण्यासारखं आहे खरं. आधी समोरच्या फांदीवर बसून इकडेतिकडे बघतो, मग पेटीला येऊन चिकटतो. चोचीत काही नसतं. मला वाटलं रिकाम्या हाताने आला. मग मान झटकतो आणि घशातून एक फळ वर, पुन्हा झटकतो, दुसरं फळ वर. एक-एक चोचीच्या टोकावर धरून फटीत देतो. पाहुण्याला विडा द्यावा तसं. आतून फक्त चोचीचं टोक दिसतं.

आमच्या सासूबाई तर खाट ओढून तिथेच समोर बसतात. लांबून बसतात, ओरडू नकोस. परवा ह्यांना म्हणाल्या, "जानकू, बघ. ह्याला म्हनत्यात दादला. माझी पाच बाळंतपणं झाली, तुझ्या बापानं एकदा उंबर आणून दिलं न्हाई." हे म्हणाले, "आये, तू उंबर खाल्लं असतंस का?" तर म्हणाल्या, "खाल्लं नसतं. पर आणायचं व्हतं."

त्यांनी तिचं नाव बाळंतीण ठेवलंय. बेहड्याखाली ट्रॅक्टर लावायला बंदी, मोठ्याने बोलायला बंदी, तुझा भाचा अमृत चाकणहून सुट्टीला आला तर त्याला मोबाइलवर गाणी लावायला बंदी. मी या घरात दोनदा बाळंत झाले, माझी एवढी काळजी नव्हती.

तुझी पेटी चांगली आहे रे. वाकडी आहे, पण चांगली आहे.

निर्मला


महाळुंगे पडवळ
९ एप्रिल २०२५

चि. निर्मला,

लाल!

उंबर लाल. वडाचं फळ लाल. तुमचा ट्रॅक्टरही लाल. मी काय समजायचं?

एवढं साधं काम. सकाळी झाडाखालची जमीन बघ. नर-मादी दोघंही बिया टाकतात, त्या पेटीच्या खाली साचतात. वड आणि उंबर असेल तर बी खसखशीएवढं. भोकर असेल तर चिकट गर लागलेली आठळी. कडुनिंब असेल तर तुला ओळखता येईल, निदान लिंबोळी तरी. कागदात गुंडाळून पाठव. हा पक्षी गिळतो इथे आणि टाकतो मैलभर लांब. ओढ्याकाठचा तुमचा उंबर कुणी आजोबांनी लावला नसेल, असल्याच कुणाच्या तरी पोटातून आला असेल. आणि तो उंबर आहे म्हणून ही जोडी आहे. दाजींना सांग, विटावाले विचारायला आले तरी त्या झाडाला हात लावू द्यायचा नाही. पेटी मी दुसरी करीन, उंबर मला करता येत नाही.

फटीचं माप बोटांत लिहिलंस. कुणाच्या बोटांत? भाकरी थापणाऱ्या की मेंदी काढणाऱ्या? जाऊ दे. आता मोजायला जाऊ नकोस.

खाटेवरच्या ठमामावशींना माझा नमस्कार सांग. त्या घरात एक त्यांनाच काय चाललंय ते कळलेलं दिसतं.

पुढचं नीट लक्षात ठेव. आई आणि पिल्लं एकदमच बाहेर येतात, जूनच्या तोंडावर. हे पुस्तकातलं नाही, लहानपणी थोरल्या आंब्यावर मी स्वतः पाहिलंय. त्याआधी लिंपण फुटलं तर समजायचं कुणीतरी घात केला.

दादा


आपटाळे
५ मे २०२५

ती. दादास नमस्कार.

आधी पाणी पी, मग वाच.

काल सकाळी लिंपण फुटलेलं दिसलं. मादी बाहेर आहे. शेपटी आखूड, पिसं विस्कटलेली, विजेच्या तारेवर बसून होती. मग नराबरोबर ओढ्याकडे गेली. पेटीत काही आहे का ते कळत नाही. मी कान देऊन पाहिलं, एकदा चिरचिर ऐकू आलं, मग नाही.

परवा दुपारी वळवाचा वारा झाला होता. त्याने झालं असेल. आमच्या शेडचा एक पत्राही हलला.

बिया तू म्हणालास तशा गोळा केल्यात, खसखशीसारख्याच आहेत. आणि एक सांगायचं राहिलं, गेले काही दिवस नर सरडेही आणत होता. एकदा तर मोठा, शेपटी लोंबत होती. तुला लिहावं की नाही कळेना, तू फळं फळं म्हणत होतास.

तू येऊ नकोस. ऊन फार आहे.

निर्मला


महाळुंगे पडवळ
८ मे २०२५

निर्मला,

वारा! वाऱ्याने पत्रे उडतात, लिंपण उडत नाही. ते वाळलं की पटाशीला दाद देत नाही. मी थोरल्या आंब्याखाली पडलेला तुकडा हातात घेऊन पाहिलाय. शेडचा पत्रा हलला आणि पेटी टांगलेली तार नाही हलली? नुसतं दार तेवढं फुटलं? मला आठवी पास म्हण, मूर्ख म्हणू नकोस.

सरडा म्हणे. धनेश फळांवर जगतो हे शाळेतलं पोर सांगेल. तू कावळा पाहिला असशील, किंवा भारद्वाज.

आईशिवाय पिल्लं आत उघडी पडली असतील तर कावळ्यांना ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. सात वर्षं मी या एका गोष्टीची वाट पाहतोय आणि तुम्हाला ती सहा आठवडे सांभाळता आली नाही. चार दिवस फोन करतोय, उचलत नाहीस. तो का उचलत नाहीस तेही मला कळतंय. कुणीतरी काहीतरी केलंय.

रविवारी येतो. ओढ्याची चिकणमाती चाळून ठेव, ताजं शेण ठेव. बेलाचा गर मी आणतो. फट मीच ठेवीन. तोवर कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीही.

दादा


आपटाळे
२० मे २०२५

दादा,

या वेळी नमस्कार लिहीत नाही. तू त्या रविवारी चहा न घेता गेलास. या घरातून चहा न घेता वसुलीवालाही जात नाही.

काय काय बोललास आठवतंय का? नसेल तर लिहिते, तुला सगळं लिहूनच लागतं. ह्यांना अडाणी म्हणालास. ते तुझी शिडी धरून उभे होते. मला खोटारडी म्हणालास, ते खरं होतं. आणि उतरताना सासूबाईंकडे बघून म्हणालास, "या घरात कुणीतरी घातकी आहे." तुला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही.

आता खरं सांगते. वाऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी धुरी दिली. शेगडीत गोवरीचा निखारा, त्यावर ओवा, शेपा, वावडिंग, आणि शेगडी बेहड्याखाली. "इतके दिस कोंडून बसलीय, अंग आंबलं आसंल. शेक न्हाई, धुरी न्हाई, आसं कुठं बाळंतपण आसतंय व्हय?" म्हणाल्या. मी तिथेच होते, दादा. मी थांबवलं नाही. मला त्यात वावगं वाटलंच नाही. माझ्या दोन्ही वेळांना त्यांनीच खाटेखाली धुरी ठेवली होती. धूर सरळ वर पेटीत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि त्यापुढच्या सकाळी दार फुटलेलं. तुझं "घात" वाचलेलं होतं, म्हणून मी वाऱ्यावर ढकललं.

तू गेल्यापासून त्या अर्धी भाकरी खात होत्या. खाट तिथेच, पण तोंड भिंतीकडे. मी म्हटलं, आत्याबाई, इकडे बघा तरी. म्हणाल्या, "मी लेकुरवाळीला धुरानं भाईर काढली. आता काय बघू?"

आणि आता जे सांगते ते जेवून घेतलं असशील तरच वाच.

तुझं लिंपण पडलं. तुला इंचपट्टीने फट ठेवताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं, सुंदर दिसत होतं, ह्यांनी फोटोही काढला. तिसऱ्या दिवशी आतून टकटक सुरू झाली. मी धावत गेले. आतून चोच. एक नाही, दोन चोची. तुझं लिंपण आतून ठोकून ठोकून पाडलं, पोपडे खाली. मी कपाळाला हात लावला, म्हटलं संपलं.

मग त्यांनी पुन्हा लिंपायला घेतलं. पिल्लांनी! अजून धड पिसं नाहीत अंगावर. स्वतःचं शेण, खाल्लेल्या फळाचा चोथा, तुझ्याच मातीचा जो भुगा आत पडला होता तो, सगळं चोचीने थापत होती. दोन दिवसांत दार बंद, पहिल्यासारखी फट. वाकडी.

आता आई आणि बाप दोघंही खेपा घालतात. सरडे आणतात. सरडे, दादा. अमृतने व्हिडिओ काढलाय, कावळा नाही तो.

सासूबाईंना मी हाताला धरून वळवलं. बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पोरांनी आपलं दार आपण लावलं गं. आयेला म्हनली आसतील, आमचं आमी बघतो, तू बी जा, बाबा एकला किती आणील?" आणि मला म्हणाल्या, "भाकर टाक."

आता तू सांग. तिने यायचंच होतं का बाहेर? तू तर एकदमच येतात म्हणून लिहिलं होतंस.

निर्मला


महाळुंगे पडवळ
२५ मे २०२५

चि. निर्मला,

हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले.

थोरल्या आंब्यावर मी शाळा सुटल्यावर संध्याकाळीच जायचो. शेवटी एक दिवस दोन पिल्लं आणि एक मोठा पक्षी एकत्र दिसले आणि मी ठरवलं की आई आत्ताच बाहेर आली. ती कधीची बाहेर असेल आणि घरी चारा आणत असेल, हे तेव्हा सुचलं नाही आणि पुढे पन्नाशीपर्यंत सुचायची गरज पडली नाही. सरड्याचंही कळलं. वाढत्या पोराला नुसत्या उंबरावर कोण ठेवतं? पिल्लं जन्मली म्हणून सरडे सुरू झाले. तू मला पिल्लं झाल्याची बातमी दिली होतीस आणि मी ती कावळा म्हणून परत पाठवली.

खालचं मावशींना मोठ्याने वाचून दाखव. तुझ्या मनाने काही घालू नकोस.

मावशी, तुमच्या धुरीने ती गेली नाही. तिची वेळ झाली होती आणि घरात जेवणारी तोंडं वाढली होती. मी घातकी म्हणालो ते मागे घेतो. जानकूदाजींनाही सांगा. चहा प्यायला मी येईन. पण ओवा पुन्हा जाळू नका.

बस. पुढचं तुझ्यासाठी. माझं लिंपण का पाडलं त्यांनी? माती, शेण, बेल, प्रमाण अचूक होतं. फट अगदी हव्या त्या मापाची. विचार करून डोकं उठलं. वहिनी म्हणते, परक्याने लावलेलं दार कुणाला आवडतं? हे काय उत्तर झालं?

दादा


आपटाळे
१५ जून २०२५

ती. दादास नमस्कार.

उडाली! तीन होती. दोन चोची दिसायच्या म्हणून आम्ही दोनच धरली होती. गेल्या सोमवारी सकाळी पहिलं दार फोडून बाहेर आलं, फांदीवर कसंबसं टेकलं आणि तिथेच बसून राहिलं. दुसरं दुपारी. तिसरं मात्र दोन दिवस आतच, आई समोरच्या फांदीवर उंबर दाखवून बसायची आणि द्यायची नाही. सासूबाई खालून तिला म्हणायच्या, "दे गं, लहान हाय त्ये." तिने दिलं नाही. शेवटी आलं.

सासूबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं होतं. म्हणाल्या, "पावण्याला म्हणावं, ओवा महाग झालाय, तसाबी न्हाई जाळत."

आता मुख्य गोष्ट. अमृतने व्हिडिओ कंपनीत दाखवला. त्याचे साहेब दोघं गाडी घेऊन आले, पेटी पाहिली, फोटो काढले. समाजकार्यासाठी त्यांना अशा पेट्या वाटायच्या आहेत, शाळांना, डोंगरातल्या वाड्यांना. तुझा पत्ता दिलाय, ते महाळुंग्याला येतील. प्रत्येक पेटीवर तुझ्या नावाची पितळी पाटी लावणार म्हणतात.

दादा, घे हे काम. कांद्याच्या चाळणीचे फोटो काढून नेले, नाव कुणी घेतलं? सात वर्षं लोक तुझ्या रिकाम्या पेट्यांना पोस्टाचे डबे म्हणून हसले. एकदा तरी हो म्हण. त्यांच्या चुका काढू नकोस, टेप बाहेर काढू नकोस, चहा दे आणि हो म्हण.

निर्मला


महाळुंगे पडवळ
२२ जून २०२५

चि. निर्मला,

साहेब लोक गुरुवारी येऊन गेले. चहा दिला. टेप काढला नाही, तो आधीपासूनच बाहेर होता.

माणसं वाईट नाहीत. माझ्या पाच पेट्यांखाली उभं राहून एकाने विचारलं, "यात किती आहेत?" म्हटलं, एकही नाही. तो म्हणाला, "म्हणजे जुन्नरवालं मॉडेल द्या आम्हाला." म्हटलं, त्या मॉडेलमधलं काय देऊ? तुला माहीत आहे, बुधवारी मी चहाला आलो तेव्हा पेटी उतरवून दाजींच्या ओसरीवर तीन तास मोजली. आत सरड्याची हाडं, पिसं, बियांचा थर. नकाशा काढून आणलाय. भोक एका बाजूने साडेतीन, दुसऱ्या बाजूने साडेचार. तळ पाऊण इंच आखूड. सगळं आलं कागदावर, आणि धनेश त्यात का शिरला ते आलं नाही. वाकड्या भोकामुळे? गव्हाणीच्या लाकडाला जनावरांचा वास आहे म्हणून? आत खरखरीत राहिली म्हणून पिल्लांची नखं धरत असतील? की ओढ्यावर उंबर आहे म्हणून? की एक म्हातारी समोर खाट टाकून बसली आणि कुणाला झाडाखालून जाऊ दिलं नाही म्हणून? त्यांना हव्या असलेल्या दोनशे पेट्यांबरोबर दोनशे ठमामावशी कुठून पाठवू?

मी पाच पेट्या हुबेहूब एकसारख्या केल्या, म्हणून पाचही एकसारख्या रिकाम्या राहिल्या. हे मला सात वर्षांत कळलं नाही. आता प्रत्येकीत एकच गोष्ट बदलणार. एकीचं भोक वाकडं, एकीला जुनं लाकूड, एक आतून खरखरीत, एकीचा तळ आखूड. पाचवी आहे तशीच ठेवून ओढ्याच्या बाजूला हलवणार. आणि जिथे उंबर-वड नाही तिथे पेटी टांगणं म्हणजे गाव नसलेल्या ठिकाणी एसटीचा थांबा बांधणं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. म्हटलं, तीन हंगाम द्या, आधी झाडं लावा, मग काय बनवायचं ते मी सांगतो. धाकटे साहेब हसले. म्हणाले, "काका, पंधरा ऑगस्टला वाटप आहे. पक्षी आला नाही तर तुमच्याकडे कोण विचारायला येणार आहे?"

तिथेच सगळं बिघडलं बघ. कुणी येवो न येवो, पाटीवर नाव माझं, आणि खाली लिहायचं होतं, "धनेशाने पसंत केलेली". त्याने पसंत केलेली एक आहे, ती मी बिघडली म्हणून कोंबड्यांना दिली होती. हे पितळेवर कसं कोरायचं?

अमृतला राग आलाय, त्याचा फोन आला होता. तुलाही येईल. वहिनीला आलाय, ती दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. मलाही थोडा आलाय, पण कुणाचा ते अजून नक्की करता आलेलं नाही. तू पत्रात विचारशीलच म्हणून आकडा लिहून ठेवतो, नाहीतर अमृत तुला वाढवून सांगेल. दोनशे पेट्या, नगाला बावीसशे, लाकूड माझं, वाहतूक त्यांची, निम्मे आधी. चार लाख चाळीस हजार. मी नको म्हणालो.

दादा